एकाच नवऱ्याशी दोनदा

माझ्या नवऱ्याचं दहावं दोनदा झालं. दुसरं झालं ते खरं. तेव्हा हे नव्वदीच्या घरात होते, घर नातवंडा-पतवंडांनी भरलेलं होतं, आणि सांत्वनाला आलेला जो तो म्हणत होता, "आजी, सोनं झालं म्हाताऱ्याचं." मी मान हलवत होते. पण खरं सांगू? माझ्या डोळ्यांपुढे सारखं पहिलं दहावं येत होतं, आणि त्यानंतरचा सगळा तमाशा, आणि मला हसू आवरत नव्हतं. सुनेला वाटलं, सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

माझं माहेर मुरबाडकडचं. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. सासर शहापूरहून तानसाच्या वाटेवर, डोंगराखाली. लग्न झालं तेव्हा मी इतकी लहान होते, की अंतरपाट निघाला तरी मी पायाच्या अंगठ्याकडेच बघत होते. नवरा कसा दिसतो ते मला दुसऱ्या दिवशी, गोठ्यात समजलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हे तिच्याशी बोलत होते, "बघ गो, नवीन माणूस आलाय घरात, लाथ नको मारू."

असा माणूस. जनावरांचं भारी वेड. पौषात म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला जायचे आणि बैलाच्या ऐवजी माझ्यासाठी घोंगडी घेऊन यायचे. सासरे कपाळावर हात मारायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आणि वरच्या आळीला यांची आत्या. ती गावाची धवळारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नात गाणी म्हणत म्हणत सगळे विधी करून घेणारी बाई. तिच्या शब्दापुढे भटजीसुद्धा गप्प बसायचा. तोंडानं फटकळ, हातानं उदार.

मग लढाई लागली. भरतीवाले शहापूरच्या बाजारात आले. माझ्या पोटात मुलगी होती. हे म्हणाले, "दोन वरसं जाऊन येतो. शेतात पिकतं तेवढ्यात सगळ्यांचं कसं भागंल?" मी रडले, भांडले, जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. पण जाण्याआधी यांनी इतकी लाकडं फोडून ठेवली, की पडवी छपरापर्यंत भरली. पलटणीत गेल्यावर साहेबानं यांचा हात जनावरावर बघितला आणि यांना खेचरांच्या कामावर घातलं. पुढे ब्रह्मदेशात.

शेजारच्या गावचा एक जण यांच्याबरोबर होता. तो एक हात गमावून परत आला. त्यानं सांगितलं, माघार घेताना मोठी नदी लागली, पूल उडवला, निम्मी माणसं मागेच राहिली; यांना पाण्यात उतरताना बघितलं, बाहेर निघताना नाही बघितलं. तो बिचारा खोटं बोलला नाही. त्यानं बघितलं तेवढंच सांगितलं, उरलेलं गावानं जुळवलं.

मी म्हणत होते, "पोहता येतं त्यांना! भातसा नदी दुथडी भरलेली असताना म्हैस काढून आणलीये त्यांनी." कोण ऐकतंय? सरकार म्हणत होतं, बेपत्ता. गाव म्हणत होतं, समुद्रापलीकडचा माणूस बेपत्ता म्हणजे गेलाच. त्यातच भातावर लागोपाठ रोग पडला. सासऱ्यांना स्वप्नं पडायला लागली, पोरगा पाण्यात उभा आहे आणि हाका मारतोय. भगतानं अंगात आणून सांगितलं, आत्मा अडकलाय, मोकळा करा.

प्रेत नसलं की काय करतात ते तेव्हा मला कळलं. पळसाच्या पानांचा माणूस करतात. हात, पाय, डोकं, सगळं. मग त्याला तिरडीवर घालून जाळतात. सासऱ्यांनी त्या पानांच्या पोराला अग्नी दिला आणि लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडले. त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो दहाव्याला. बायांनी मला ओढ्यावर नेलं आणि आत्या माझ्या बांगड्या फोडायला पुढे झाली. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. शेवटी चौघींनी धरून फोडल्याच. वर आत्या म्हणते कशी, "चाव बाय, चाव. माझा पन भाचा गेलाय."

त्यानंतर मी रांडमुंड म्हणून वावरले. हळदीकुंकवाला कोणी बोलावत नव्हतं, पेरणीचा पहिला मूठभर दाणा माझ्या हातून पडू देत नव्हते. भाऊ मुरबाडहून आला आणि म्हणाला, "किन्हवलीकडं एक बिजवर हाय, मानूस चांगला हाय. पाट लावून देतो." आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. मी म्हटलं, "मला नवरा आहे."

"कुठं हाय?"

"येतोय."

भाऊ भाकरी न खाता निघून गेला. खरं तर त्या काळात मलाही कधी कधी वाटायचं, की आपणच खुळ्या. पण मुलगी मोठी होत होती आणि तिला मी रोज सांगत होते, तुझा बा येणार आहे. एकदा सुरू केलं ते थांबवायचं कसं?

लढाई संपली त्या वर्षीची थंडी. आम्ही राबाची तयारी करत होतो. जिथं भाताची रोपं करायची त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण अंथरून उन्हाळ्यात भाजायचं, त्याला राब म्हणतात. डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन मी बांधावर चढले, तर आसनगाव स्टेशनाच्या बाजूनं खाकी कपड्यांतलं एक हाडकं येताना दिसलं. गुरं राखणारे होते ते "भूत! भूत!" करत गावाकडे पळाले.

मी पळाले नाही. पण खोटं कशाला बोलू, खात्री मलाही नव्हती. आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, भुताचे पाय उलटे असतात. मी पहिलं पायांकडे बघितलं. तर पायांत हे मोठे बूट! काय कळणार?

"बूट काढा!" मी ओरडले. "आधी बूट काढा!"

ते तिथंच शेतात बसले. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही पाय माझ्यापुढे लांब केले आणि म्हणाले, "बघ गो बाय. सरळ हायेत ना? चालून चालून झिजलेत जरा."

माझ्या डोक्यावरचा भारा त्यांच्या अंगावर पडला. टाकला म्हणा हवं तर. आणि मग मी त्या पाल्यात बसून पोटभर रडले. नदीतून हे बाहेर निघाले होते, पण चुकीच्या काठाला. लढाई संपेपर्यंत शत्रूच्या कैदेत, मग दवाखान्यात. खुशालीचं पत्र धाडलं होतं म्हणे. आमच्यापर्यंत आलं नाही, कुठं गेलं देव जाणे.

आता वाटेल, सुटलो. कसलं सुटतोय! घराशी येईपर्यंत सगळं गाव अंगणात. सासऱ्यांनी लेकाला मिठी मारली आणि सोडेचनात. पण हे उंबऱ्याकडे वळले तसे गावचे जाणते आडवे आले. "थांब रे बाबा. तुझा पुतळा जाळलाय, पिंड दिलेत. मेलेला मानूस उंबऱ्यावरून आत आला तर घरात मढं घेतल्यासारखं होईल. म्हातारा हाय, पोर हाय घरात. काय झालं तर कोन जबाबदार?"

मी म्हटलं, "मढं बोलतंय, दिसत नाय तुम्हाला?"

पण सासरे घाबरले. पानांच्या पोराला त्यांनी स्वतः अग्नी दिला होता. यांनी उंबऱ्याकडे पाठ केली. पिशवी उचलली आणि घरामागच्या खळ्यात, मळणीच्या जागेवर जाऊन बसले. मागाहून म्हणाले, "मी मरून आलो असं मलाच वाटतं अधनंमधनं. त्यांना वाटलं तर नवल काय?"

माणसं शहापूरच्या भटजीकडे गेली. त्यानं पोथी बघून सांगितलं, घाबरू नका, याला उपाय आहे. जो जिवंत असून ज्याचं क्रियाकर्म झालं, त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपानं भरलेल्या रांजणात बसून बाहेर निघायचं, मग बारसं, मग आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. मग तो घरात यायला मोकळा.

गाव खूश झालं. तूप मात्र गावात सगळं मिळून वाटीभर निघालं असतं. रेशनचे दिवस. आत्या म्हणाली, "रांजन नको नि तूप नको. भाताची कणगी हाय ना? तिच्यातून काढू. तुपाचं बोट लावलं म्हंजे झालं." कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उंच टोपली, शेणानं लिंपलेली. कैदेतून आलेला माणूस तिच्यात सहज मावला असता.

पण लग्नाशी येऊन घोडं अडलं. जाणत्यांपैकी एक म्हणाला, "लगीन कसं लागंल? ती रांड झालीये. रांडेचं लगीन नसतं, पाट असतो."

पाट कसा लागतो ते सांगते. दिवस मावळल्यावर, गावाबाहेर. वाजंत्री नाही, हळद नाही, सवाष्णींनी त्या बाईचं तोंड बघायचं नाही. नंतरही तिला कोणत्या शुभकार्यात पुढे घेत नाहीत. म्हणजे नवरा जिवंत परत आलेला, माझ्या डोळ्यांपुढे खळ्यात बसलेला, आणि मी त्याच्याशी चोरासारखं अंधारात लग्न लावायचं!

मी अंगणात उभी राहून सांगितलं, "जमणार नाय. लग्न होईल तर भर दुपारी, हळद लावून, वाजंत्री लावून. नायतर होणारच नाय."

"मग त्याला घरात घेता यायचा नाय."

"नका घेऊ!"

म्हटलं खरं, पण आत गेल्यावर विचार आला. मी हट्ट करते आहे आणि तो माणूस एवढ्या हालांतून येऊन थंडीत उघड्यावर बसला आहे. भाकरी घेऊन खळ्यात गेले. हे अंबाडीचा दोर वळत बसले होते. घरात कुठला कुठला दोर कुजला होता ते बाहेरूनच बघून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "तुमी म्हणाल तर पाट लावून घेते."

त्यांनी दोर खाली ठेवला. "नाय. तू माझ्यामागं एवढं सोसलंस, नि मी तुला अंधारात आनू? तू म्हनशील तसं. नायतर मी हितंच म्हातारा होयन. तुझ्या हातची भाकरी हितं पन येते ना?"

"येते."

"मग झालं तर. फक्त मीठ जरा कमी घाल."

असा राग आला मला! आणि असं बरं वाटलं.

मुलगी या सगळ्यात लांब लांब राहात होती. तिला मी सांगितलेला बा उंच, काळाभोर, म्हशीला खांद्यावर घेणारा. हा कोण दात पडलेला? पेंढ्याच्या उडवीआडून त्यांच्याकडे टक लावून बघायची, आणि त्यांनी हाक मारली की धूम. यांनी तिला जवळ ओढायचा प्रयत्न केला नाही. दोर वळायचे आणि टोक तिच्या बाजूला सोडून द्यायचे. ती गुपचूप येऊन टोक धरायची, पीळ पडेपर्यंत धरून बसायची. पण बोलायची नाही.

दिवस चालले होते. सासरे रोज मध्ये पडायचे, रोज मागे सरायचे. आणि एका सकाळी चूल सारवताना माझ्या डोक्यात आलं. मी तशीच शेणाच्या हातानं आत्याकडे पळाले.

"आत्या, त्यांनी पुन्हा जन्म घेतला की मागचं सगळं पुसलं ना?"

"पुसलं."

"मग मी पण जन्म घेते. मला पण घाला त्या कणगीत. नव्यानं जन्मलेली पोर रांड कशी असंल? कुवारी असंल. कुवारीचं लगीन भर दुपारीच लागतं."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग जी हसायला लागली, ती खाली बसली आणि मांडीवर थापा मारत हसली. "अगो माझी बाय ती! भटाच्या बापाला सुचलं नसतं." ती तशीच उठून जाणत्यांकडे गेली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. एवढं कळलं, की तिनं सांगितलं, नाय म्हनाल तर गावात ह्यापुढं एकाही लग्नाला मी गानार नाय, बघा मग कशी लग्नं लागतात ती. धवळारिणीविना लग्न? जाणत्यांना माना डोलवाव्या लागल्या.

तर आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच कणगीतून जन्मलो. आधी हे. उकिडवे बसून, डोकं गुडघ्यात घालून. वरून आत्यानं तुपाचं बोट कपाळाला लावलं, सुईणीनं कणगी आडवी केली आणि खांद्याला धरून ओढलं. बाहेर आल्यावर हे लहान बाळासारखे टँहँ करून रडले. गाव पोट धरून हसलं. आणि मग आमच्या ध्यानात आलं, की ते रडणं थांबत नाहीये. सासरे पुढे झाले, त्यांनी घोंगडीत गुंडाळून लेकाला मांडीवर घेतलं.

मग मी. मी कमरेत अडकले. सुईण ओढते आहे, कणगी करकरते आहे, आतून मी ओरडते आहे, आणि आत्या बाहेरून, "ही पोर आयशीला लय कळा देनार!" शेवटी बाजूची काडी कापून मला काढलं. बारशाला आत्यानंच कानात नाव सांगितलं. तिच्या मनगटावर माझ्या दातांचा वण होता. मी त्यावरून बोट फिरवलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मागच्या जन्मीचं हाय ते."

लग्न भर दुपारी, आमच्याच खळ्यात. मुरबाडहून वडील चालत आले आणि दारातच म्हणाले, "एकदा देऊन मोकळा झालो व्हतो, पुन्हा घ्यावी लागली काय गो?" भाऊही आला, मान खाली घालून. हळद लागली, वाजंत्री वाजली, आत्या घसा बसेपर्यंत गायली. पाठीमागे कऱ्हा घेऊन करवली म्हणून उभी आमची मुलगी. आयेच्या लग्नात करवली! अंतरपाट निघाला तेव्हा मी अंगठ्याकडे बघितलं नाही. चांगलं डोळे भरून समोर बघितलं. गालफडं बसलेली, पुढचे दात नाहीत, कपाळावर हळद. असा देखणा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आता एवढंच राहिलं होतं, उंबरा. आमच्यात नवी जोडी दाराशी आली की नवऱ्या मुलाची बहीण दार अडवते आणि काहीतरी कबूल करून घेतल्याशिवाय आत सोडत नाही. यांना बहीण नाही. बायांनी मुलीलाच ढकललं दारात. "अडव, अडव! बापाकडं काय पायजे ते माग! पैंजन माग! परकर माग!"

ती दोन्ही हात पसरून उंबऱ्यावर उभी राहिली. सगळं गाव हसत होतं. ती मात्र हसली नाही. त्या दिवसापर्यंत ती यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

म्हणाली, "परत जायाचा नाय. तसा सांग."

बाया अजून हसतच होत्या. पण यांची नजर खाली गेली. मी शेजारी उभी, आमच्या शेल्यांची गाठ बांधलेली. मला एका क्षणात कळलं, की हे परत जायचं ठरवून आले आहेत. रजेवर आहेत. साहेबानं थांब म्हटलं असणार, बढती देतो म्हटलं असणार. आणि पलटणीत मेलेल्यांतून आलेल्याला कोणी कणगीत घालत नाही. मी नव्यानं जन्मलेली, नव्यानं लग्न झालेली, आणि उंबऱ्याच्या बाहेर.

वाजंत्री थांबली. हे तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, माझा शेला ओढला गेला तशी मीही वाकले.

"नाय जात," ते म्हणाले. "पन नाव कापून घ्यायला एकदा जावं लागंल गो. नायतर धरून नेतील."

तिनं विचार केला. हात खाली घेतले नाहीत. "मंग मी पन येनार."

"ये."

तेव्हा तिनं हात खाली केले आणि आम्ही आत गेलो.

लहान पोरीला घेऊन कोणी पलटणीत जातं का? सासरे म्हणाले, जाणते म्हणाले, मीही म्हणाले. यांनी कोणाचं ऐकलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला. रजा संपली त्या सकाळी तिला खांद्यावर बसवलं आणि आसनगावला आगगाडीला गेले. तिथं साहेबानं विचारलं म्हणे, ही कोण? हे म्हणाले, माझी जामीनदार.

मी रोज राबाच्या बांधावर जाऊन उभी राहायची. पाला पसरायचा सोडून नुसती वाटेकडे बघायची. एकदा तर दुसऱ्याच कोणाला बघून पदर खोचून धावले. आणि एका दुपारी ते दोघं दिसले. हे साध्या धोतरात, अनवाणी. त्यांच्या खांद्यावर ती, डोक्यावर त्यांची खाकी टोपी नाकापर्यंत उतरलेली. लांबूनच तिनं मला बघितलं आणि टोपी वर सारून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आये, आनला गो मी त्याला!"